मातीतले जिवाणू आणि बुरशीवरची औषधं: सोलापूरकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोहोळ, सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा, बार्शी इकडून जे प्रश्न परत परत येतात ते एका जागी लिहून ठेवतोय. मी माती आणि रोपं तपासायच्या लॅबमध्ये काम करतो, त्यामुळं बरीच उत्तरं शेतातली आहेत, काही लॅबमधल्या प्लेटवर बघितलेली आहेत आणि काही दवाखान्यातल्या औषधांची, कारण माणसाच्या बुरशीवरची काही फार मोठी औषधंसुद्धा मातीतल्या जिवाणूंनीच दिलीत. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो, रोग नक्की बुरशीचा आहे का हे ठरवल्याशिवाय यातलं काहीही विकत घेऊ नका, निम्मे पैसे तिथंच वाया जातात.

जिवाणू बुरशीला मारतात म्हणजे नक्की करतात काय?

मुळाभोवतीच्या मातीत खायला थोडं आणि खाणारे लई, त्यामुळं तिथं कायम ओढाताण चालू असते. चिमूटभर मातीत कोट्यवधी जिवाणू असतात, त्यातले काही जण आजूबाजूची बुरशी वाढू नये म्हणून रसायनं सोडतात. स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जिवाणू पॉलिईन गटातली रसायनं करतात, ती बुरशीच्या पेशीच्या आवरणातल्या अर्गोस्टेरॉलला जाऊन चिकटतात, आवरण गळायला लागतं, आतलं पोटॅशियम बाहेर जातं आणि पेशी मरते. माणसाच्या पेशीत अर्गोस्टेरॉलच्या जागी कोलेस्टेरॉल असतं म्हणून ही औषधं बुरशीला जास्त आणि आपल्याला कमी अपाय करतात, पण अगदीच करत नाहीत असं नाही, ते पुढं येईलच.

बॅसिलस सबटिलिस वेगळ्या वाटेनं जातो, तो इट्युरिन, फेंजायसिन, सर्फॅक्टिन अशी साबणासारखी रसायनं करतो, तीही आवरणच फोडतात. सुडोमोनास फ्लुरोसन्सच्या काही जाती फेनाझिन करतात, काही डाय-असिटाइल फ्लोरोग्लुसिनॉल करतात, काही पायरोलनिट्रिन, ही सगळी बुरशीला अडवणारी रसायनं. आणि सुडोमोनास अजून एक काम करतो जे आपल्या भागासाठी मला फार महत्त्वाचं वाटतं, तो सिडेरोफोर नावाचं रसायन सोडून मातीतलं लोह धरून ठेवतो आणि बुरशीला मिळू देत नाही. आपल्या काळ्या चुनखडीच्या जमिनीत सामू (पीएच) ८ च्या वर असतो, लोह असूनही विरघळत नाही, म्हणजे आधीच टंचाई, त्यात जो लोह पटकन उचलेल तो जिंकतो.

हे तुम्हाला दिसतं का, की नुसतं पुस्तकात आहे?

दिसतं की. बटाटा-डेक्स्ट्रोज अगार या बुरशी वाढवायच्या माध्यमाच्या प्लेटमध्ये मधोमध बुरशीचा छोटा तुकडा ठेवायचा आणि कडेला एका बाजूला जिवाणूची रेघ ओढायची, मग तीन-चार दिवस थांबायचं. पांढरी कापसासारखी बुरशी तिन्ही बाजूंनी प्लेटच्या कडेपर्यंत जाते पण रेघेच्या बाजूला अलीकडंच थांबते, मधे स्वच्छ पट्टा राहतो, आणि भिंगाखाली बघितलं तर त्या पट्ट्याच्या काठावरचे बुरशीचे धागे वाकडेतिकडे, सुजलेले, टोकाला फुटलेले दिसतात. फ्लुरोसन्सची प्लेट तर अजून देखणी, किंग्ज-बी नावाच्या माध्यमावर वाढवून अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली धरली की पिवळसर हिरवी चमकते.

पण प्लेटवर पट्टा आला म्हणजे शेतात काम होणारच असं समजू नका. प्लेटवर खाणं भरपूर असतं, ऊन नसतं, बाकीचे हजार जिवाणू नसतात. प्लेटवर जोरदार असलेले कितीतरी जिवाणू शेतात गप्प बसतात.

पहिल्या पावसानंतर मातीचा वास येतो तो याच जिवाणूंचा का?

हो, त्या वासातला मोठा वाटा जिओस्मिन नावाच्या रसायनाचा आणि ते प्रामुख्यानं स्ट्रेप्टोमायसिस तयार करतात. पण जिओस्मिन बुरशीला मारत नाही, त्यामुळं वास चांगला आला म्हणजे जमीन रोगमुक्त असा अर्थ काढू नका.

मातीतून बुरशीवरचं औषध पहिल्यांदा कुणी काढलं?

माणसाला सुरक्षितपणे देता येईल असं बुरशीवरचं पहिलं कामाचं अँटिबायोटिक म्हणजे निस्टॅटिन, आणि ते दोन बायकांनी काढलं, एलिझाबेथ ली हेझन आणि रेचल फुलर ब्राऊन. दोघी न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात होत्या पण एक न्यूयॉर्क शहरात आणि दुसरी अल्बानीला. हेझन ठिकठिकाणची माती तपासायची, बुरशीला अडवणारा जिवाणू सापडला की तो काचेच्या बरणीत घालून चक्क पोस्टानं ब्राऊनकडं पाठवायची, ब्राऊन त्यातून रसायन वेगळं करायची आणि परत पोस्टानं पाठवायची, मग हेझन ते बुरशीवर आणि उंदरांवर तपासायची. बरीच रसायनं बुरशीबरोबर उंदीरही मारायची, ती सगळी बाद. शेवटी व्हर्जिनियातल्या एका ओळखीच्या डेअरी फार्मवरच्या मातीत जो जिवाणू सापडला त्याचं रसायन टिकलं, १९५० मध्ये त्यांनी ते जाहीर केलं, आणि त्या फार्मवाल्या नोर्स कुटुंबावरून जिवाणूला स्ट्रेप्टोमायसिस नोर्साय नाव दिलं.

रॉयल्टीचे १ कोटी ३० लाख डॉलरच्या आसपास पैसे आले, ते दोघींनी स्वतःला घेतले नाहीत, सगळे संशोधनाला दिले. मला ही गोष्ट पोरांना सांगायला फार आवडते. १९६६ मध्ये इटलीत फ्लॉरेन्सला पूर आला तेव्हा भिजलेल्या चित्रांवर बुरशी चढायला लागली, तिथंही निस्टॅटिन वापरलं होतं.

हे सगळं परदेशातलंच. आपल्याकडं काही झालं का नाही?

झालंय आणि आपल्याच राज्यात झालंय, दुर्दैवानं फार कमी जणांना माहीत आहे. पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी सुरू झाली, तिथं डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिसपासून हॅमायसिन काढलं, जिवाणूच्या नावातच पिंपरी आहे, स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. तिथूनच ऑरिओफंगिन आलं, ते शेतीसाठी, पिकांच्या बुरशीजन्य रोगांवर. दोन्ही पॉलिईन गटातलीच. म्हणजे सोलापूरहून चार-पाच तासांवर जगाच्या तोडीचं काम झालंय, आणि आपल्या कॉलेजातल्या मायक्रोबायोलॉजीच्या पोरांना निस्टॅटिन पाठ असतं, हॅमायसिन नाही, हे बदलायला पाहिजे.

कोविडनंतर काळ्या बुरशीला जे इंजेक्शन मिळत नव्हतं ते पण मातीतलंच का?

हो. अँफोटेरिसिन-बी. व्हेनेझुएलात ओरिनोको नदीच्या भागातल्या मातीत सापडलेल्या स्ट्रेप्टोमायसिस नोडोससपासून १९५० च्या दशकात निघालं. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसचे पेशंट एकदम वाढले आणि याच इंजेक्शनसाठी लोक गावोगाव फिरले. वर म्हटलं ना की आपल्याला अगदीच अपाय करत नाही असं नाही, हे औषध किडनीवर जोर टाकतं, म्हणूनच चरबीच्या बारीक कणांत गुंडाळलेला लायपोसोमल प्रकार आला, त्याचा त्रास कमी पण किंमत जास्त. काळा आजार (काला-अझार) या वेगळ्या रोगावरही हेच वापरतात.

उसाचं किंवा ज्वारीचं पान डोळ्याला लागलं आणि डोळा पांढरा पडायला लागला तर?

हा प्रश्न शेतीचा नाही वाटेल पण शेतातलाच आहे, म्हणून जरा जास्त लिहितो. पानानं, काडीनं, पाचटानं बुबुळाला ओरखडा गेला की तिथून बुरशी आत शिरते, फ्युजेरियम किंवा अ‍ॅस्परजिलस, आणि बुबुळावर पांढरट डाग येतो. यावरचं मुख्य औषध नॅटामायसिन ५ टक्के, थेंबाच्या स्वरूपात, हेही दक्षिण आफ्रिकेतल्या मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिसपासूनच. २०१३ मध्ये छापून आलेल्या चाचणीत, जी मुख्यतः तमिळनाडूतल्या डोळ्यांच्या दवाखान्यांत झाली होती, नव्या महागड्या व्होरिकोनाझोलपेक्षा जुनं नॅटामायसिन सरस ठरलं, खास करून फ्युजेरियमवर.

पण हे वाचून मेडिकलमधून थेंब आणून घालू नका. डोळ्याच्या डॉक्टरकडं त्याच दिवशी जा. घरात पडलेले जुने थेंब घातले आणि त्यात स्टेरॉइड असलं तर बुरशी झपाट्यानं वाढते आणि डोळा जातो. दूध, तूप, मध, कुणी सांगितलेला पाला, काहीच नको.

गजकर्णावर निस्टॅटिन चालतं का?

नाही. निस्टॅटिन कँडिडा नावाच्या बुरशीवर चालतं, गजकर्णाच्या बुरशीवर नाही. गजकर्णाला जी मलमं मिळतात ती बहुतेक कारखान्यात तयार केलेल्या रसायनांची असतात. तीन-चार औषधं आणि स्टेरॉइड एकत्र असलेली ट्यूब लावली की दोन दिवस खाज थांबते आणि मग दुप्पट पसरतं, म्हणून स्किनच्या डॉक्टरला दाखवूनच लावा.

डाळिंबाच्या तेल्यावर बुरशीनाशक जिवाणू मारू का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. तेल्या बुरशीचा रोग नाही दादा. तो झँथोमोनास नावाच्या जिवाणूमुळं येतो. त्यामुळं बुरशीला मारणारं रसायन, मग ते कारखान्यातलं असो नाहीतर मातीतल्या जिवाणूचं, त्याच्यावर चालायचं काही कारण नाही. पानावर तेलकट पाण्यासारखा डाग, उजेडाकडं धरलं तर आरपार दिसतो, फळावर काळा डाग पडून एल किंवा वाय आकाराची भेग पडते, हे दिसलं की बुरशीचा विचार सोडा. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आपल्या सोलापुरातच केगावला आहे, तेल्याचं वेळापत्रक त्यांचंच बघा.

मग डाळिंबाची मर?

तिथं बुरशीचा हात असतो, मुख्यतः सेरॅटोसिस्टिस, कधी फ्युजेरियम, आणि बऱ्याचदा सूत्रकृमी किंवा खोडाला बारीक भोकं पाडणारा भुंगेराही जोडीला. आधी एक फांदी पिवळी पडते, मग झाड. खोड आडवं कापलं तर आतलं लाकूड करडं-काळं, मधून बाहेर चांदणीसारखं पसरलेलं दिसतं. एकदा लाकडात इतकं आत गेल्यावर मुळाशी सोडलेला सुडोमोनास तिथवर पोचत नाही, हे मी अगदी स्पष्ट सांगतो कारण मेलेल्या झाडाला लोक तीन-तीन वेळा आळवणी करत (मुळाशी औषध ओतत) बसतात. जिवाणू वापरायचे ते शेजारच्या चांगल्या झाडांना, आणि त्याहून चांगलं म्हणजे लागवड करतानाच, खड्ड्यात शेणखताबरोबर. रोगट झाड मुळासकट काढा, आणि तीच कात्री तशीच पुढच्या झाडाला लावू नका.

द्राक्षाच्या डाऊनीवर चालेल का? भुरीवर?

डाऊनी (केवडा) आणि भुरी (पानावर पांढरी भुकटी येते तो रोग) ही नावं जोडीनं घेतली जातात पण दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. डाऊनी करणारा जीव दिसायला बुरशीसारखा पण बुरशीच्या कुळातला नाही, त्याला ऊमायसीट म्हणतात, पायथियम आणि फायटोफ्थोरा त्याचेच भाऊबंद. हे जीव अर्गोस्टेरॉल बनवतच नाहीत, त्यामुळं पॉलिईनला चिकटायला जागाच नाही. आम्ही लॅबमध्ये याचा उलटा उपयोग करतो, मुळातून फायटोफ्थोरा वेगळा काढायचा असला की माध्यमात मुद्दाम नॅटामायसिन घालतो, बाकीची बुरशी दबते आणि हा निवांत वाढतो.

भुरी मात्र खरी बुरशी. तिच्यावर बॅसिलस सबटिलिसच्या फवारण्या चालतात, पण डाग दिसायच्या आधीपासून आणि पान दोन्ही बाजूंनी ओलं होईल असं फवारलं तर. पॉलिऑक्सिन हेही स्ट्रेप्टोमायसिसचंच रसायन, ते बुरशीची कायटिनची भिंत बांधूच देत नाही.

हरभऱ्याची मर आणि ज्वारीचा खडखड्या?

हरभऱ्याला जिवाणूंचा फायदा लवकर दिसतो, कारण फ्युजेरियम मातीतूनच मुळात शिरतो आणि बी पेरायच्या आधीच आपण पहारेकरी चिकटवू शकतो. सुडोमोनासची पावडर साधारण १० ग्रॅम प्रति किलो बियाण्याला, थोड्या गुळाच्या थंड पाण्यात ओलं करून, सावलीत सुकवून लगेच पेरायचं, प्रमाण शेवटी लेबलवरचंच धरा. रोप सुकलं तर उपटून खोड उभं चिरा, आत तपकिरी रेघ दिसली म्हणजे मर, नाही दिसली तर कारण दुसरं. आणि मर-प्रतिकारक वाण निवडणं हे कुठल्याही जिवाणूपेक्षा मोठं काम आहे हे विसरू नका.

खडखड्याचं तसं नाही. मॅक्रोफोमिना (ही बुरशी) मातीत असतोच, पण दाणे भरताना जमिनीतली ओल संपली आणि ज्वारीचं ताट तहानलं की तो चढतो, ताट खालून पोकळ होऊन आडवं पडतं, आत काळी भुकटी. कोरडवाहू मालदांडीला बीजप्रक्रिया करा, जरूर करा, पण ओल टिकवली नाही तर एकट्या जिवाणूंच्यानं होत नाही. दाट पेरणी टाळा, कोळपणी करून भेगा बुजवा, हस्ताच्या पावसाचं पाणी शेतातच मुरवा.

ट्रायकोडर्मा पण यातच येतो ना?

ट्रायकोडर्मा स्वतःच बुरशी आहे, दुसऱ्या बुरशीला खाणारी. म्हणून त्याच्याबरोबर कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक दिलं तर तोच मरतो. सुडोमोनास आणि बॅसिलस जिवाणू आहेत, त्यांना कार्बेन्डाझिमचा तेवढा त्रास नाही, पण तांब्याची औषधं आणि स्ट्रेप्टोमायसिनसारखी अँटिबायोटिक्स त्यांना मारतात. आपल्या डाळिंब बागांत बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण) जोरात चालतं, आणि त्याच आठवड्यात सुडोमोनास पण फवारतात, मग फरक काय दिसणार. मधे निदान दहा-बारा दिवस जाऊ द्या. ट्रायकोडर्मा आणि सुडोमोनास एकत्र द्यायचे का हे जातींवर आहे, काही सुडोमोनास ट्रायकोडर्मालाही दाबतात, एकाच पुडीत तपासून दिलेले असतील तर चालतात, दोन कंपन्यांच्या दोन पुड्या घरी मिसळू नका.

पुडी वापरली पण काहीच फरक नाही, असं का?

पहिलं कारण ऊन. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं पारा ४३-४४ ला जातो, पत्र्याच्या दुकानात किंवा टेम्पोत त्याहून जास्त, आणि सुडोमोनासला बीजाणू नसतात, तो त्या उकाड्यात मरतो, पुडीत नुसती शंखजिऱ्याची पावडर उरते. बॅसिलस कडक बीजाणू करून टिकतो, म्हणून आपल्या हवेला तो जास्त भरवशाचा, असं माझं स्पष्ट मत आहे.

घेताना पुडीवर सी.एफ.यू. म्हणजे जिवंत जिवाणूंची संख्या, तयार केल्याची तारीख, मुदत आणि केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा नोंदणी क्रमांक बघा. लेबलवर नुसतं 'जैविक' लिहून नोंदणी नंबर नसेल तर घेऊ नका, दुकानदार कितीही ओळखीचा असला तरी. मग वापर: संध्याकाळी, जमीन वाफशावर (ओलसर पण चिखल नसलेली) असताना, शेणखतात मिसळून. शहरातलं क्लोरीनचं नळाचं पाणी असेल तर रात्रभर उघडं ठेवून मगच वापरा. कोरड्या तापलेल्या मातीवर दुपारी बारा वाजता सोडलेले जिवाणू संध्याकाळपर्यंत राहत नाहीत.

२०० लिटरच्या ड्रममध्ये गूळ घालून हे जिवाणू वाढवले तर स्वस्त पडतील?

स्वस्त पडतील पण काय वाढलं ते कळणार नाही. उघड्या ड्रममध्ये गूळ, पाणी आणि आपला उकाडा, यात जो सगळ्यात जोरात वाढतो तो जिंकतो, आणि तो आपण टाकलेलाच असेल याची खात्री नाही. सुडोमोनासच्याच कुळातला एरुजिनोसा नावाचा जिवाणू फेनाझिन जोरात करतो पण तो माणसाच्या जखमेत, कानात, फुप्फुसात आजार करतो. ड्रममध्ये हात घालून ढवळणारे लोक बघितले की मला काळजी वाटते. करायचंच असेल तर काठी वापरा, हातावर जखम असेल तर लांब राहा, घरातल्या आजारी माणसाजवळ ड्रम ठेवू नका.

बाहेरून काही न टाकता आपल्याच मातीतले जिवाणू वाढवता येतात का?

येतात, आणि मला विचाराल तर खरा रस्ता हाच. गव्हाचा टेक-ऑल नावाचा मूळकूज रोग आहे, परदेशात कितीतरी शेतांत असं दिसलंय की एकाच जागी वर्षानुवर्षं गहू घेतला तर रोग आधी वाढतो आणि मग आपोआप कमी होतो, कारण मुळांवर फ्लोरोग्लुसिनॉल करणारे सुडोमोनास जमतात. म्हणून एकच पीक घेत राहा असं मी अजिबात सांगत नाही, पण मातीत स्वतःला सांभाळायची ताकद असते एवढं त्यातून कळतं. आपल्याकडं ती ताकद मरते ती पाचट जाळल्यानं, शेणखत बंद केल्यानं आणि उसाला पाणी तुंबवून जमीन चोपण केल्यानं. कुजलेलं शेणखत, निंबोळी पेंड, पाचटाचं आच्छादन, एवढं दोन-तीन हंगाम करून बघा. कच्चं शेण मात्र घालू नका.

तपासायला नमुना कसा आणायचा?

पूर्ण मेलेलं झाड आणू नका, त्यावर नंतर आलेलीच बुरशी सापडते. नुकतं सुकायला लागलेलं रोप किंवा फांदी, मुळं आणि त्याला चिकटलेली माती तशीच ठेवून, वर्तमानपत्रात गुंडाळून, सावलीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून गाडीच्या डिकीत ठेवलं तर सोलापूरला पोचेपर्यंत सगळं शिजतं. शेजारचं एक निरोगी रोपही आणा, आणि गेल्या महिन्यात काय काय फवारलं ते कागदावर लिहून आणा, नावं आठवत नसतील तर रिकाम्या बाटल्या-पुड्यांचे मोबाइलवर फोटो काढून आणले तरी चालतात.